आमची वाटचाल : देवघराच्या दारापासून रंगीत तावदानांपर्यंत

अप्लाइड आर्टची पदविका हातात पडली तेव्हा जाहिरातींच्या धंद्यात संगणक शिरला होता आणि कुंचल्याने अक्षरं काढणाऱ्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. मग पुण्यातल्या एका काचवाल्याकडे सँडब्लास्टिंगचे, म्हणजे काचेवर दाबाच्या हवेने वाळू मारून नक्षी उठवायच्या कामाचे, स्टेन्सिल कापायला लागलो. शहरात इमारती भराभर उठत होत्या. प्रत्येक फ्लॅटला देवघराच्या दारावर गणपती हवा, बाथरूमला मोर नाहीतर हंसांची जोडी. या कामाला नाकं मुरडणारे कलाकार पुष्कळ भेटले, पण त्याच गणपतींच्या जिवावर मी कंप्रेसर घेतला आणि धायरीत गाळा भाड्याने घेतला. तेव्हा सर्रास वाळूच मारायचे. तिची सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते, म्हणून आम्ही पहिल्यापासून वाळूऐवजी ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे वापरले. महाग पडतात, पडू देत.

रंगीत काचेकडे वळलो ते एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीमुळे. खिडकी सोडवून टेबलावर आडवी घेतली की तिची सगळी करणी कळते. काचा शिशाच्या खाचेदार पट्ट्यांत बसवलेल्या, सांधे झाळलेले, फटींत जवसाच्या तेलातली पुट्टी. वर्षानुवर्षांचं ऊन आणि स्वतःचा भार यांनी शिसं दमतं नि खिडकी पोट काढते. चेहऱ्यांच्या रेषा मात्र जशाच्या तशा. काचेची पूड आणि धातूचा ऑक्साइड कालवून त्या काढतात आणि ६०० अंशांच्या वर भट्टीत भाजतात, त्यामुळे त्या काचेतच मुरतात. पिवळा रंग चांदीच्या क्षारांचा. युरोपात ही युक्ती १४व्या शतकापासून चालत आली आहे.

त्यानंतर मुंबईला गेलो की कुलाब्याचं अफगाण चर्च ठरलेलं. १८५८चं. तिथल्या विल्यम वेल्स या इंग्लिश काचकारागिराच्या खिडक्या दिवसाच्या निरनिराळ्या वेळी बघत बसायचो. खरं डिझाइन मी तिथे शिकलो. आपल्याकडचं ऊन कडक. लाल काचेशेजारी मोठी पांढरी काच ठेवली की डोळे दिपतात आणि लाल काळपट दिसू लागतो. म्हणून पश्चिमेच्या खिडकीला आम्ही दाट रंगाची काच देतो, उत्तरेला फिकी. कॅटलॉगवरून रंग पसंत करून घेणं मला पटत नाही. दुकानात ट्यूबलाइटखाली निवडलेला निळा घरी वेगळाच निघतो.

दिव्यांच्या शेड आणि बारीक फुलंपानं यांना तांब्याची फीत लागते. न्यूयॉर्कच्या लुई टिफनी या काच-कलाकाराच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आमच्याकडच्या ताई काचेच्या कडांना फीत गुंडाळतात, झाळकाम मी आणि माझा भाचा करतो. शिशाशी गाठ आहे, त्यामुळे टेबलापाशी चहा-डबा बंद. बाकी शिस्तीचं आमच्याकडे फारसं अवडंबर नाही.

हल्ली डिजिटल प्रिंटची काच स्वस्तात मिळते. गिऱ्हाइकाला तीच हवी असेल तर तीही करून देतो. एक मात्र आधीच सांगतो : टफन केलेली, म्हणजे तापवून झटक्यात थंड करून मजबूत केलेली, काच नंतर कापता येत नाही, कापायला गेलं की चुरा होतो. तेव्हा मापं आधी पक्की करून आणा, आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे तेही सांगा.