आमची वाटचाल : साकीनाका ते वसई

वडील मूळचे टर्नर. साकीनाक्याच्या भाड्याच्या गाळ्यात दोन जुन्या लेथवर त्यांनी धंदा मांडला, तो प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या भरवशावर. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना आमच्यापासून जवळच. तिथे बनणाऱ्या पद्मिनी गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश, म्हणजे सांध्यात बसणाऱ्या नळीसारख्या कड्या, आणि स्टीअरिंगखालच्या गिअरच्या लिंकेजचे बुश आम्ही करायचो. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत, त्यामुळे आमच्या लेथला उसंत नसे.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली. काम एका दिवसात थांबलं असतं तर सगळ्यांनी लगेच दुसरी वाट धरली असती. पण शेड्यूल, म्हणजे कारखान्याने मागवलेला माल, थोडं थोडं घटत गेलं. मध्येच प्रीमियरचीच नवी गाडी 118 एनई आली, पुढे प्रीमियरच्याच कल्याणच्या कारखान्यात प्यूजो 309 निघू लागली, आणि दर वेळी वाटायचं, आता सावरेल. मारुतीने आपले पुरवठादार गुडगावच्या आसपास उभे केले होते. साकीनाक्याच्या गाळ्याला तिथे शिरकाव कुठला? प्यूजोही नव्वदचं दशक संपायच्या आत बंद पडली.

सगळ्यात आधी बुडाले ते आमच्याही मागचे लोक. प्लेटिंगवाला, हीट ट्रीटमेंटवाला, घरी बसून भागांच्या कडेची बर, म्हणजे उरलेली धारदार कोर, काढणाऱ्या बायका. कारखान्याच्या कागदावर यांची नावं कधी नव्हतीच, त्यामुळे कोणत्याही वाटाघाटीत त्यांचा विषय निघाला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्हाला तारलं टॅक्सीवाल्यांनी. गाडीचं उत्पादन थांबलं तरी मुंबईच्या रस्त्यावर हजारो काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या, आणि खड्ड्यांत बुश झिजतातच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे दुकानदार आमचा माल रोखीने उचलत. पण टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, आणि पद्मिनीची शेवटची टॅक्सी नोंदली गेली 2003 मध्ये. म्हणजे ही मागणी कधी संपणार ते आधीच ठाऊक होतं. त्या मुदतीत आम्ही वसईत गाळा घेतला, सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, लावलं, पंप आणि शेतीच्या अवजारांचे भाग सुरू केले. 2023 च्या ऑक्टोबरात ती शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तोवर आमचं निम्म्याहून अधिक काम गाड्यांबाहेरचं झालं होतं.

आज कुठल्याही ग्राहकाने शेड्यूल कमी केलं की त्याच दिवशी आमच्या जॉबवर्कवाल्यांना फोन जातो. किती माल कमी होणार, किती महिने, सगळं सांगतो. त्यांचं बिलही आधी निघतं.