टीएनटी दिसेनासं झालं, म्हणजे संपलं का?

बाजारगावकडे स्फोटकांचे कारखाने, भंडाऱ्याला आयुध निर्माणी. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, पेसोचं, मुख्यालय नि पर्यावरण संशोधन करणारी नीरी तर नागपुरातच. स्फोटकांनी खराब झालेली माती जिवाणूंकडून कशी साफ करून घेतात, हे आपल्या भागात नीट माहीत असायलाच हवं.

हे काम परवानाधारकांचंच. मातीत स्फोटकांचं प्रमाण वजनाच्या १० टक्क्यांवर असेल, तर ती मातीच स्फोटक धरतात. ती वाळवून ढेकळं फोडायची नाहीत, ओलीच ठेवायची.

ओरेगॉनमधल्या उमाटिला लष्करी डेपोत १९९० च्या दशकात अशा मातीचं कंपोस्ट केलं. आकारमानाने सुमारे ३० टक्के माती, बाकी शेण, लाकडाचा भुसा, लसूणघास, बटाट्याचा कचरा. टीएनटी आणि आरडीएक्स प्रत्येकी ३० मिलिग्रॅम प्रति किलोच्या खाली आणायचं, हे उद्दिष्ट होतं. आपल्याकडे सोयाबीनचं कुटार आणि बारीक केलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या चालाव्यात, पण आधी बादलीभर मिश्रणावर चाचणी घ्या. आपली काळी माती चिकट. भुसा-कुटारासारखी भरड कमी पडली की गोळे होतात आणि गोळ्याच्या पोटातलं टीएनटी तसंच राहतं. ढिगाचं तापमान ५५ अंशांच्या आसपास जायला हवं. चढत नसेल तर बहुधा ओल जास्त झालेली असते किंवा शेण कमी पडलेलं असतं. मूठ दाबल्यावर गोळा टिकावा, पाणी गळू नये. मे महिन्यात ढिगाच्या कडा झपाट्याने सुकतात, ताडपत्री हवीच.

फसगत होते ती मोजमापात. जिवाणू टीएनटीच्या रेणूतले नायट्रो गट बदलून अमिनो गट करतात, पण रेणूचा गाभा, म्हणजे कार्बनचं वलय, सहसा फोडत नाहीत. तयार झालेली संयुगं ह्यूमसला, म्हणजे कुजलेल्या सेंद्रिय भागाला, घट्ट चिकटतात. म्हणून अहवालात फक्त टीएनटी पाहून भागत नाही, त्यापासून बनणारं अमिनोडायनायट्रोटोल्युइनही मोजायला हवं.

आरडीएक्सची तऱ्हा वेगळी. ते मातीला फारसं धरून राहत नाही, विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचतं. ऱ्होडोकॉकस या जिवाणूच्या काही जाती एक्सपीएलए या विकराने (एन्झाइमने) त्याचे नायट्रो गट काढतात, मग वलयच तुटतं. या जाती हे नायट्रोजन मिळवण्यासाठी करतात. अमोनिया आयता मिळाला तर वेग मंदावतो, म्हणून तिथे युरिया टाकू नका. सांडपाण्यातलं आरडीएक्स ऑक्सिजनविरहित टाकीत काढताना अडथळा नायट्रेटचा: पाण्यात अमोनियम नायट्रेट मिसळलेलं असेल, तर जिवाणू आधी नायट्रेटच वापरतात. जिवाणूंना खाद्य म्हणून मळी (मोलॅसिस) घालून नायट्रेट संपवा, मगच आरडीएक्सची घट मोजा, आणि सोबत त्यापासून बनणारी एमएनएक्स, डीएनएक्स, टीएनएक्स ही संयुगंही.