आमची वाटचाल : ऑइल इंजिनच्या जॉबवर्कपासून तारेच्या चाकांपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं लेथचं दुकान, ऑइल इंजिनचे न् पंपाचे पार्ट व्हायचे, मीही तेच करत बसलो असतो. पण ओळखीतले एक हौशी काका त्यांची एमजीबी, म्हणजे जुनी इंग्लिश स्पोर्ट्स गाडी, तारेच्या चाकांची, घेऊन आले, म्हणे गिअर टाकून क्लच सोडला की मागनं खटका येतोय. त्याआधी कुणीतरी त्यांना प्रॉपेलर शाफ्टचे (इंजिनची ओढ मागच्या चाकांकडं नेणाऱ्या दांड्याचे) जॉइंट बदलायला लावले होते, खर्च झाला, खटका तसाच. खटका चाकातच होता!

ह्या तारेच्या चाकांना आपल्या गाड्यांसारखे चार-पाच नट नसतात. चाकाच्या आतले दाते हबच्या, म्हणजे चाक ज्यावर चढतं त्या तुंब्याच्या, दात्यांवर बसतात, त्यालाच स्प्लाइन म्हणायचं, आणि वरनं एकच मोठा नट तांब्याच्या हातोड्यानं ठोकून आवळायचा. म्हणजे इंजिनची ओढ काय न् ब्रेकचा मार काय, सगळं त्या दात्यांनी सोसायचं. म्हणून आम्ही आधी नट आवळलेलाच ठेवून चाक जॅकवर उचलतो, एकजण ब्रेक दाबून धरतो, दुसरा टायर धरून पुढं-मागं फिरवून बघतो. हब जाग्यावर आणि चाक जरा जरी हललं तर दाते गेले समजायचं. मग चाक काढून बघायचं, चांगल्या दात्याचा माथा सपाट असतो, झिजला की टोकदार होतो अगदी करवतीसारखा, आणि तांबूस भुकटी दिसली की ग्रीस न लावताच गाडी पळवलीय हे कळतं. ओढ मागच्या चाकांवर, त्यामुळं बहुतेक आधी तीच जातात.

हे काम वाढत गेलं तसं गिऱ्हाईकाशी वादही वाढले. लोक चकचकीत क्रोमची नवी चाकं आणतात, हब मात्र जुनाच. आम्ही बसवून देत नाही, कारण झिजलेला हब नव्या चाकाचे दाते लवकरच खाऊन टाकतो. दोन्ही बदला नाहीतर राहू द्या. काहीजण रागानं गेले, जाऊ देत. "हब इथंच बनवा की, कोल्हापूर आहे हे" असंही म्हणतात, दाते कट करायला आपली पोरं लई हुशार आहेत पण मटेरियल, टेपर आणि हीट ट्रीटमेंट सगळंच जमून यायला पाहिजे, सुट्या एका हबासाठी ते परवडत नाही, म्हणून इंग्लंडहून मागवतो.

आणि हब बसवताना बाजू मीच बघतो. ह्या गाड्यांना डाव्या बाजूला सरळ आटे (घड्याळाच्या दिशेनं आवळायचे), उजव्या बाजूला उलटे, अदलाबदल झाली तर चालत्या गाडीत नट आपोआप सैल व्हायला लागतो. हे काम पोरांवर सोडत नाही अजून.