दोन्ही जुनेच, मग पेटंट कशाचे?

पेटंटचे अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो: चांदीचे कण घातलेला विद्युतवाहक इपॉक्सी (एक राळयुक्त गोंद) जुना, वीज फक्त जाडीच्या दिशेने नेणारी चिकट फिल्मही जुनी, मग दोन्ही एकत्र आणणाऱ्याला पेटंट कशाचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. घटक जुने आहेत एवढ्यावरून काहीच ठरत नाही. अर्जाच्या तारखेला त्या विषयातल्या सामान्य जाणकाराला ती जोडणी सहज सुचली असती का, हे पाहायचे असते. शिवाय ज्या मिश्रणात घटकांच्या गुणधर्मांची केवळ बेरीज होते, त्याला आपल्या १९७० च्या कायद्याचे कलम ३(ई) शोधच मानत नाही. सर्किट बोर्डावर एका जागी इपॉक्सी आणि दुसऱ्या जागी फिल्म लावली आणि दोन्ही आपापले नेहमीचेच काम करीत राहिली, तर त्यात शोध दाखवणे अवघड. लेथवर भांडे पकडण्याच्या एका साधनाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द ठरवले, तेही ती केवळ कारखान्यातली सुधारणा आहे म्हणून.

चांदीचे उदाहरण मात्र उद्बोधक आहे. इपॉक्सीतील चपटे कण एकमेकांना टेकतात तेव्हाच विजेला वाट मिळते. त्यात नॅनो कण घातले की वहन वाढेल असे वाटते. पण कण वाढले की टेकण्याच्या जागाही वाढतात, प्रत्येक जागी थोडा रोध असतो, आणि एकूण रोध कित्येकदा उलट वाढतो. अशा स्थितीत कमी तापमानालाच ते कण एकजीव करून कोणी रोध घटवला, तर ती बेरीज उरत नाही. अर्थात ती युक्ती आधीच कुठे छापून आलेली असेल, तर तोच अर्ज लंगडा पडतो.

अमेरिकेत १९६६ च्या ॲडम्स खटल्यात मॅग्नेशियम आणि क्युप्रस क्लोराइडच्या, पाणी घालताच चालणाऱ्या बॅटरीचे पेटंट टिकले. घटक ओळखीचेच होते, पण ती चालेल यावर आधी तज्ज्ञांचाच विश्वास नव्हता. उत्तर हाती आल्यावर सगळेच सोपे दिसते, आणि या पश्चातबुद्धीपासून परीक्षकही सुटलेला नसतो.

म्हणून अशिलाला मी आधी विचारतो, मिसळताना तुमची अपेक्षा काय होती? ‘झाले तसेच होईल असे वाटले होते’, असे उत्तर आले, तर मी त्याला अर्जाची फी वाचवायला सांगतो.