चौदा हजार शब्दांत पिटिशन बसवताना

अमेरिकेच्या पेटंट ऑफिसच्या बोर्डापुढे, म्हणजे पीटॅबपुढे, ‘इंटर पार्टीज रिव्ह्यू’ (दिलेलं पेटंट रद्द व्हावं म्हणून केलेली फेरतपासणी) मागायचा तर पिटिशन १४,००० शब्दांत बसवावी लागते. २ मे २०१६ पूर्वी मर्यादा ६० पानांची होती. मजकूर डबल स्पेसिंगमध्ये, पण क्लेम चार्टला, म्हणजे पेटंटचे क्लेम (हक्काची कलमं) आणि पुरावा समोरासमोर मांडणाऱ्या तक्त्याला, सिंगल स्पेसिंगची मुभा. साहजिकच लोक युक्तिवाद चार्टमध्ये कोंबायचे आणि बोर्ड ते तपासत बसायचं. शब्दमोजणी आल्यावर ती भानगड मिटली.

अनुक्रमणिका, निवाड्यांची यादी, सक्तीच्या नोटिसा, प्रमाणपत्रं, एक्झिबिटची यादी आणि क्लेमची यादी मोजणीत धरत नाहीत. यातली शेवटची सूट कामाची. क्लेमचा मजकूर परिशिष्टात द्या आणि आत त्याच्या तुकड्यांसाठी नुसते ‘[१अ]’, ‘[१ब]’ असे क्रमांक वापरा. तळटीपा मात्र मोजल्या जातात. वर्डमध्ये त्या धरण्याची टिक आहे ना, हे सही करण्याआधी बघा. चित्रातला मजकूर वर्ड मोजतच नाही, तो हाताने मोजून मिळवलेला बरा.

खरी गळती संदर्भांत होते. ‘एक्स. १००३, ¶ ४५’ (एक्झिबिट १००३, परिच्छेद ४५) हे वर्डच्या हिशेबी चार शब्द. ‘एक्स१००३, ¶४५’ लिहिलं की दोन. असे तीनशे संदर्भ असले तर सहाशे शब्द सुटले, म्हणजे एका डिपेंडंट क्लेमचा (दुसऱ्या क्लेमवर बेतलेल्या क्लेमचा) युक्तिवाद आरामात बसला. ही पद्धत सर्रास चालते, कारण वाचणारा अडखळत नाही. पण हाच हात निवाड्यांच्या नावांवर फिरवू नका. २०१५ मध्ये पाय-नेट विरुद्ध जेपीमॉर्गन प्रकरणात शब्दांमधल्या स्पेस काढून ब्रीफ, म्हणजे लेखी युक्तिवाद, मर्यादेत बसवलं होतं. पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट कोर्टाने अपीलच फेटाळलं. पीटॅबच्या मार्गदर्शिकेतही स्पेस गाळणं, अतोनात संक्षेप आणि चित्रांत शब्द दडवणं, या तिन्ही पळवाटांचा नावानिशी उल्लेख आहे.

दुसरी पळवाट तज्ज्ञाच्या डेक्लरेशनची, म्हणजे लेखी साक्षीची. त्याला शब्दमर्यादा नाही, म्हणून पिटिशनमध्ये एक ओळ आणि पुढे ‘पाहा ¶¶ ४०–९५’. युक्तिवाद असा बाहेरून आणायला नियम ४२.६ मध्ये सरळ मनाई आहे. सिस्को विरुद्ध सी-केशनमध्ये (२०१४) बोर्डाने असा मजकूर विचारातच घेतला नाही. पुराव्यातली दोन जुनी पेटंटं वा लेख त्या क्षेत्रातल्या माणसाने एकत्र का आणले असते, हे कारण पिटिशनमध्येच वाचता आलं पाहिजे. तिथे शब्द वाचवणं म्हणजे दात कोरून पोट भरणं.

कात्री लावायचीच तर आधी तंत्रज्ञानाच्या पार्श्वभूमीला लावा, मग कायद्याच्या घोटून घोटून गुळगुळीत झालेल्या परिच्छेदांना, आणि तरीही भागलं नाही तर सगळ्यात कमजोर ग्राउंड, म्हणजे पेटंटवरच्या आक्षेपाचा मुद्दा, सोडा. मर्यादा ओलांडायची परवानगी मागता येते, पण त्यासाठी पिटिशनसोबतच अर्ज करून न्यायहिताचं कारण आणि लांब मसुदा जोडावा लागतो. अर्ज नामंजूर झाला तर तो मसुदा परत येऊ शकतो. पेटंट-उल्लंघनाच्या दाव्याची बजावणी झाल्यापासूनची एक वर्षाची मुदत संपत आलेली असताना हा जुगार कोणी खेळू नये. त्यापेक्षा क्लेम वाटून दोन पिटिशन करा. फी दोनदा पडेल, आणि दोघींत आधी कुठली हवी ते पाच पानांच्या आत सांगावं लागेल.