बैलाच्या दाव्याची गाठ

सुट्टीवर रावेरला आलोय. केळीच्या बागेत उभा राहिलो तरी जमीन अजून डुलतेय असं वाटतं.

आयएनएस तरंगिणीवर शिकाऊ होतो. गोव्यात बांधलेलं, १९९७ मध्ये नौदलात आलेलं शिडाचं जहाज. ३ डोलकाठ्या, २० शिडं. दोर इतके, की अंधारात नुसत्या हाताला ओळखू यायला हवेत.

सगळ्यात जड गेलं ते वर चढणं. परबाणावर, म्हणजे शीड बांधलेल्या डोलकाठीवरच्या आडव्या वाशावर, पोट टेकवून ओलं, जाडं शीड ओढून गुंडाळायचं, आणि पायाखाली फक्त एक दोर. त्यावर नवा माणूस आला की सगळ्यांच्याच पायाखालचा दोर हलतो, म्हणून आधी ओरडून सांगायचं. पहिल्या दिवशी मी न सांगता पाय ठेवला. शेजारचा पोरगा लटपटला. त्याचा पांढराफटक चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो.

काल गोठ्यात आप्पांना बोलिन गाठ दाखवली. कितीही ताण पडला तरी हिचा फास आवळत नाही. "अरे, हीच तर आपण बैलाच्या गळ्यात मारतो," म्हणत त्यांनी माझ्याआधी मारूनही दाखवली. फार आनंद झाला मला. आता मायला समुद्र दाखवायचाय. तापीपेक्षा मोठं पाणी तिनं पाहिलेलंच नाही.