आज पोरं कारखान्याला गेली

लातूरहून मी धारूर तालुक्यातल्या या गावात स्वयंसेवक म्हणून शिकवायला आले, तेव्हा वर्गात बसायला जागा नव्हती. दिवाळी झाली, मुकादमाचा, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, ट्रक आला आणि आज निम्म्याहून जास्त पोरं ऊसतोडीला गेली. आता पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मुक्काम कोपीत, झोपडीत.

ट्रकमध्ये भांडीकुंडी, ज्वारीची पोती, एक शेळी आणि वर माणसं. चौथीतली एक पोरगी दप्तर पोटाशी धरून चढली. म्हणाली, "बाई, भागाकार तेवढा राहिलाय बघा." तिथंच उभ्या उभ्या तिच्या वहीत गणितं लिहून दिली. ती सोडवायला तिला वेळ कधी मिळणार? आईबाप पहाटेच उसाच्या फडात जाणार, धाकटा भाऊ हिच्याच कडेवर.

"यांना शिक्षणाची किंमतच नाही" असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो. कोरडवाहू रान, वर मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, म्हणजे उचल; ती नवरा-बायकोच्या एका कोयत्यावर, दोघांनी जोडीनं ऊस तोडून फेडायची. पोरांना कुणाच्या भरवशावर ठेवतील?

६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पोरं गावातच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे, आणि ती खरंच चांगली आहे. पण वसतिगृह ट्रक यायच्या आधी सुरू व्हायला हवं ना! इथं अजून सुरू नाही.

आणखी दोन घरं परवा निघणार आहेत. एका घरात आजी आहे. तिच्याशी बोलायला उद्या सकाळी जातेय, नात मागं राहिली तर तिचा अभ्यास मी घेईन.